गेम मालिकेचा मूळ प्लॅटफॉर्म कसा शोधावा

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळाने मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती आणि तिच्यात एक फेरी व्हिडिओ गेमवर होती. ‘कॉन्ट्रा हा गेम सर्वप्रथम कशावर आला?’ या प्रश्नाला नववीतल्या एका मुलाने ‘आर्केड मशीनवर’ असे उत्तर दिले. संयोजकांच्या कागदावर ‘टीव्ही गेम’ असे लिहिलेले होते, त्यामुळे त्याला शून्य गुण मिळाले आणि त्या एका प्रश्नावर त्याचा संघ मागे पडला. मी तेव्हा प्रेक्षकांत बसलो होतो. मुलाचे उत्तर बरोबर होते. कोनामी या जपानी कंपनीने कॉन्ट्रा १९८७ साली आर्केडसाठी, म्हणजे पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळायच्या यंत्रासाठी, काढला आणि घरच्या टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या यंत्रावर तो १९८८ साली आला. संयोजकांनी उत्तर लिहिताना स्वतःची आठवण प्रमाण मानली होती आणि त्यापलीकडे कोणी पाहिले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी एक वही घातली. मालिकेचे नाव, तिचा मूळ प्लॅटफॉर्म म्हणजे ती पहिल्यांदा ज्या यंत्रावर आली ते यंत्र, साल आणि देश एवढ्या नोंदी मी तिच्यात करतो. आता त्या मुलासह गल्लीतल्या आणखी तिघा-चौघांना हा नाद लागला असून यंदाची ती फेरी त्यांनीच तयार करावी असे ठरले आहे. नोंद कशी करावी, कुठे फसायला होते आणि खात्री कशी करून घ्यावी, हे त्यांच्यासाठी आणि असे काम हाती घेणाऱ्या इतरांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

कोल्हापुरात पैलवानाचे नाव निघाले की पाठोपाठ ‘कुठल्या तालमीचा?’ हा प्रश्न येतोच. खासबागेत बसलेल्या जाणकाराला तालीम कळली की त्या पैलवानाचा वस्ताद कोण, तो कोणत्या डावावर भर देणार, याचा बराचसा अंदाज येतो. गेमचा मूळ प्लॅटफॉर्म शोधणे मला त्याच कारणासाठी मोलाचे वाटते. गेम पहिल्यांदा ज्या यंत्रासाठी लिहिला गेला त्याची मेमरी, त्याचा पडदा, त्याची बटणे आणि त्यावर पैसे मिळवण्याची रीत यांतून त्या गेमचा स्वभाव घडतो, आणि पुढे मालिका वीस यंत्रांवर फिरली तरी तो स्वभाव सहसा पुसला जात नाही. त्यामुळे वहीत नुसते नाव आणि साल उतरवून थांबू नये. त्या यंत्राने गेमला काय दिले हेही एका ओळीत लिहावे.

आधी प्रश्न नीट मांडावा

‘मारिओचा मूळ प्लॅटफॉर्म कोणता?’ या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे निघतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. मारिओ हे पात्र १९८१ साली ‘डाँकी काँग’ या आर्केड गेममध्ये प्रथम दिसले. निन्टेन्डोचा ‘रडार स्कोप’ हा गेम अमेरिकेत चालला नाही, त्याची मशिने विकली न जाता पडून राहिली आणि त्याच मशिनांत बसवता येईल असा नवा गेम तयार करण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आले. त्या गेममधल्या सुताराला तेव्हा ‘जंपमॅन’ म्हणत असत. एवढ्याशा ठिपक्यांत तोंड आणि केस नीट दिसेनात, म्हणून मियामोतो यांनी त्याला मिशी आणि टोपी दिली, आणि आज जगभर ओळखला जाणारा हा चेहरा त्या अडचणीतून तयार झाला. त्याच्या नावाचा पहिला गेम ‘मारिओ ब्रदर्स’ १९८३ साली आला, तोही आर्केडवरच. मशरूम खाऊन मोठा होणारा, पाइपातून खाली उतरणारा आणि शेवटी झेंड्याच्या खांबावर उडी मारणारा जो मारिओ आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला आहे, आणि तो गेम सप्टेंबर १९८५ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी आपण पात्राचा जन्म विचारतो आहोत, मालिकेतला पहिला गेम विचारतो आहोत की ज्या गेमने मालिकेला नाव मिळवून दिले तो विचारतो आहोत, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘सुपर मारिओ’ या मालिकेपुरते बोलायचे तर फॅमिकॉम हे उत्तर निर्विवाद आहे, कारण निन्टेन्डो स्वतः तिचे वाढदिवस १९८५ पासून मोजते. पात्र विचारले असेल तर आर्केड. ‘वुल्फेन्स्टाइन’चेही असेच आहे: बहुतेकांना १९९२ सालचा, डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आठवतो, परंतु ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ हा मूळ गेम १९८१ साली ॲपल टू संगणकावर आला होता आणि तो दुसऱ्याच कंपनीने केला होता.

आठवण बाजूला ठेवावी

कोल्हापुरातल्या माझ्या पिढीपर्यंत गेम प्रामुख्याने तीन वाटांनी पोहोचले, आणि यांतल्या दोन वाटा तरी गेमच्या जन्मस्थानाकडून सरळ आलेल्या नव्हत्या. घरी टीव्हीला जोडायचे यंत्र होते, ज्याला आपण सगळेच ‘टीव्ही गेम’ म्हणत असू. ती यंत्रे बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल असत, आणि त्यांच्यात घालायच्या पिवळ्या कॅसेटवर हजारो गेमचा आकडा छापलेला असला तरी आत तेच दहा-वीस गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. दुसरी वाट पार्लरची, जिथे मालकाकडून कॉइन घेऊन उभ्याने खेळायचे. तिसरी वाट शाळेची संगणक प्रयोगशाळा आणि नंतर आलेले नेट कॅफे. आपल्याला गेम जिथे भेटला तेच त्याचे घर, असे मनात पक्के बसते, आणि नोंदी चुकतात त्या बहुधा याच कारणाने.

पिवळ्या कॅसेटमधले गेम एकेक करून तपासले तर हे लक्षात येते. कॉन्ट्रा आर्केडचा, हे वर आलेच. ‘ॲडव्हेंचर आयलंड’मधला पानांचा घागरा घातलेला, दगडी कुऱ्हाडी फेकणारा गडी फॅमिकॉमचाच वाटतो आणि त्या नावाचा गेम १९८६ साली फॅमिकॉमवर आला हेही खरे आहे, परंतु तो मुळात सेगाच्या ‘वंडर बॉय’ या त्याच वर्षीच्या आर्केड गेमचे रूप आहे. वंडर बॉय हे नाव आणि पात्र यांचे हक्क सेगाकडे होते, म्हणून हडसन या कंपनीने बाकीचा गेम तसाच ठेवून नायक तेवढा बदलला. अशा ठिकाणी वहीत दोन ओळी लिहाव्यात: मालिका म्हणून फॅमिकॉम, खेळ म्हणून आर्केड. त्याच हडसनचा ‘बॉम्बरमॅन’ टीव्ही गेमवर घरोघरी खेळला गेला, पण १९८३ साली तो जपानमधल्या घरगुती संगणकांसाठी निघाला होता आणि फॅमिकॉमवर यायला त्याला १९८५ साल उजाडले. बंदूक रोखून बदके टिपायचा ‘डक हंट’ तर याच्याही मागे जातो, कारण १९८४ च्या फॅमिकॉम गेमआधी निन्टेन्डोने १९७६ साली त्याच नावाचे एक खेळणे काढले होते, ज्यात भिंतीवर प्रकाशाने उडती बदके दाखवत आणि खेळणाऱ्याने त्यांच्यावर नेम धरायचा असे.

पार्लरची गोष्ट थोडी सोपी आहे, कारण तिथले गेम खरोखरच आर्केडचे होते. ‘स्ट्रीट फायटर’ १९८७, ‘मॉर्टल कॉम्बॅट’ १९९२, ‘मेटल स्लग’ १९९६, या नोंदी डोळे झाकून आर्केडखाली कराव्यात. ‘मुस्तफा’ या नावाने ज्याच्यापुढे रांग लागायची तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. आपण त्याला त्याच्यातल्या एका नायकाच्या नावाने ओळखत होतो. मात्र ‘टेकन’शी थबकावे. तो १९९४ साली आर्केडवर आणि १९९५ साली प्लेस्टेशनवर आला, म्हणून मूळ प्लॅटफॉर्म आर्केडच. परंतु नामको कंपनीने त्यासाठी वापरलेला बोर्ड प्लेस्टेशनच्याच अंतर्भागांवर बेतलेला होता, त्यामुळे घरातला टेकन पार्लरच्या टेकनइतका हुबेहूब वाटला. ही माहिती नोंदीत असेल तर वाचणाऱ्याला त्या मालिकेचा प्लेस्टेशनशी इतका घट्ट संबंध का जुळला ते कळते.

नेट कॅफेने सर्वांत जास्त गोंधळ केला आहे. ‘रोड रॅश’ हे नाव काढले की माझ्या वयाच्या माणसाला कीबोर्ड, साखळी फिरवणारा मोटरसायकलवाला आणि शर्यतीआधीची गिटारची गाणी आठवतात, आणि तो ‘कॉम्प्युटरचा गेम’ असे ठामपणे सांगतो. वस्तुतः रोड रॅश १९९१ साली सेगाच्या मेगा ड्राइव्हवर, अमेरिकेत ज्याला जेनेसिस म्हणतात त्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, आला. आपण खेळलो ती १९९६ सालची विंडोजवरची आवृत्ती, आणि तीही मेगा ड्राइव्हवरच्या गेमची नव्हे तर १९९४ साली थ्रीडीओ या कन्सोलसाठी नव्याने केलेल्या गेमची. खऱ्या माणसांचे चेहरे आणि साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी थ्रीडीओच्या सीडीवर मावत होती, म्हणून ती आली. मेगा ड्राइव्हच्या कॅसेटमध्ये त्यांना जागाच नव्हती. ‘नीड फॉर स्पीड’चेही मूळ घर हेच फारसे न खपलेले थ्रीडीओ यंत्र आहे. तो १९९४ साली त्यावर आला आणि त्यानंतर संगणकावर. हे सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसत नाही, कारण थ्रीडीओ नावाचे यंत्र त्यांनी कधी ऐकलेलेही नसते.

आणि ‘वाइस सिटी’. हा गेम ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन टूवर आला आणि संगणकावर मे २००३ मध्ये. म्हणजे त्या गेमचे घर कन्सोल. परंतु ज्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेत तो मोडतो, तिचा पहिला गेम स्कॉटलंडमधल्या डंडी गावी डीएमए डिझाइन या कंपनीने केला आणि १९९७ साली तो आधी संगणकावर, डॉस आणि विंडोजसाठी आला. एकाच घराण्यातल्या दोन गेमचे जन्मस्थान असे वेगळे असू शकते, हे या जोडीइतके चांगले दुसरे कोणी शिकवत नाही.

पडद्यावरचे पुरावे

इंटरनेट उघडण्यापूर्वी गेम स्वतः काय सांगतो ते पाहावे. सुरुवातीच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत हक्काची खूण, साल आणि कंपनीचे नाव असते. फॅमिकॉमवरच्या सुपर मारिओच्या पहिल्या पडद्यावर १९८५ आणि निन्टेन्डो असे स्पष्ट वाचता येते. फॅमिकॉमवरच्या कॉन्ट्रावर १९८८ दिसते, आणि हे साल त्या आवृत्तीचे असते, मालिकेचे नव्हे, हे कायम लक्षात ठेवावे. पिवळ्या कॅसेटमधल्या नकलांवर ही ओळ पुष्कळदा खरवडून काढलेली असते, त्यामुळे ती नसेल तर मूळ आवृत्तीचे चित्र शोधून पाहावे.

दुसरा पुरावा पडद्याच्या आकाराचा. कॉन्ट्राच्या आर्केड मशीनचा पडदा उभा होता. घरचा टीव्ही आडवा. दोन्हींची चित्रे शेजारी ठेवून पाहिली की आर्केडमध्ये खेळाडूच्या डोक्यावर केवढी मोकळी जागा आहे आणि घरच्या आवृत्तीत तीच दृश्ये रुंदीत कशी पसरवली आहेत, हे दिसते. डाँकी काँगचाही पडदा उभाच होता. फॅमिकॉमवर तो आणताना चार टप्प्यांपैकी एक गाळावा लागला. उभ्या पडद्यासाठी आखलेला गेम आडव्या पडद्यावर आखडून बसलेला दिसला तर त्याचा उगम आर्केडमध्ये असावा असे समजून पुढचा शोध घ्यावा.

तिसरा पुरावा अवघडपणाचा आहे आणि मला तो सर्वांत आवडतो. आर्केडमध्ये मालकाला कॉइन हवे असते, म्हणून गेम खेळाडूला लवकर मारतो. हा स्वभाव घरी आला तरी जात नाही. ‘वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए’ ही कळ दाबली की कॉन्ट्रात तीस जीव मिळतात, हे आपल्यातल्या कित्येकांना पाढ्यासारखे पाठ आहे. ही कळ कॉन्ट्रासाठी जन्मली नाही. कोनामीचा ‘ग्रेडियस’ हा १९८५ सालचा आर्केड गेम १९८६ साली फॅमिकॉमवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यासाठी शेवटपर्यंत खेळणे जमेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ती घातली. पार्लरचा गेम घरात आणताना जी अडचण आली, तिची ही जिवंत खूण आहे.

तारीख, देश आणि नाव

यानंतर इंटरनेटवरच्या नोंदी पाहाव्यात. विकिपीडियाच्या चौकटीत गेमखाली प्लॅटफॉर्मची यादी असते, पण ती नेहमी कालक्रमाने लिहिलेली असते असे नाही, त्यामुळे यादीतले पहिले नाव उचलू नये. खाली प्रकाशनाच्या तारखा यंत्रानुसार आणि देशानुसार दिलेल्या असतात, त्यांतली सर्वांत आधीची तारीख घ्यावी. तीच तारीख मोबीगेम्स या गेमची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या नोंदीत मिळते का ते पाहावे, आणि शक्य असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेल्या त्या काळच्या मासिकातली जाहिरात किंवा परीक्षण शोधावे. दोन ठिकाणी एकच मजकूर शब्दशः सापडला तर तो एकच पुरावा धरावा, दोन नव्हे.

देश पाहणे अत्यावश्यक आहे. ‘झेल्डा’ अमेरिकेत १९८७ साली सोनेरी कॅसेटमध्ये आला, म्हणून इंग्रजीत लिहिणारे पुष्कळ जण तीच सुरुवात मानतात. जपानमध्ये मात्र तो फेब्रुवारी १९८६ मध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टीमवर आला होता. हे फॅमिकॉमला जोडायचे वेगळे उपकरण होते, त्यात फ्लॉपीसारखी डिस्क घालत आणि खेळ जिथे थांबला तिथून पुढे चालू ठेवण्याची नोंद त्या डिस्कवर होत असे. दिवसेंदिवस हिंडून शोधायचा एवढा मोठा नकाशा त्या सोयीमुळेच परवडला, आणि अमेरिकेत डिस्क नसल्यामुळे कॅसेटमध्ये बॅटरी बसवावी लागली. म्हणून येथे नुसते ‘फॅमिकॉम’ लिहिणे अपुरे ठरते.

‘टूम रेडर’च्या बाबतीत काही आठवड्यांचा फरक निर्णायक आहे. लारा क्रॉफ्ट आणि प्लेस्टेशन यांची जोडी जगाच्या मनात इतकी घट्ट आहे की उत्तर विचारण्याचीही गरज वाटत नाही, परंतु पहिला गेम ऑक्टोबर १९९६ मध्ये युरोपात सेगा सॅटर्नवर आला आणि प्लेस्टेशन व संगणकावर त्यानंतर.

नावेही बदलतात. ‘रेसिडेंट ईव्हिल’ जपानमध्ये ‘बायोहॅझर्ड’ या नावाने १९९६ साली प्लेस्टेशनवर आला, ‘मेगा मॅन’चे जपानी नाव ‘रॉकमॅन’, आणि युरोपातल्या घरगुती यंत्रांवर कॉन्ट्रा ‘प्रोबोटेक्टर’ होऊन आला, ज्यात माणसांच्या जागी यंत्रमानव होते. शोधताना सगळी नावे घालून पाहावीत.

यंत्राच्या मर्यादेवर घासून पाहावे

तारीख मिळाली की नोंद पुरी झाली असे समजू नये. सापडलेले यंत्र खरेच मूळ आहे का, याची माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे गेमच्या खास लकबींचे कारण त्या यंत्रात सापडते का हे पाहणे.

‘मेटल गिअर’ घ्या. प्लेस्टेशनवरचा १९९८ सालचा ‘मेटल गिअर सॉलिड’ प्रसिद्ध आहे, पण मालिका सुरू झाली १९८७ साली एमएसएक्स टू या घरगुती संगणकावर. हिदेओ कोजिमा यांच्याकडे युद्धाचा गेम करण्याचे काम आले होते. त्या संगणकाला पडद्यावर एकाच वेळी अनेक हलती चित्रे आणि गोळ्या दाखवणे झेपत नव्हते. शत्रू मोजकेच दाखवता येतात तर युद्ध कसले, या पेचातून त्यांनी लढण्याऐवजी लपत जाण्याचा गेम रचला. फॅमिकॉमवर आलेला मेटल गिअर कोजिमा यांच्या सहभागाशिवाय झाला होता. एमएसएक्स टू बाजूला काढले तर या मालिकेला लपणे का सुचले, याचा उलगडाच होत नाही.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आपण शाळेत एमएस-डॉसवर खेळलो, तळघरात पडलेला पांढऱ्या कपड्यांतला तो तरुण आणि एका तासाची मुदत. ती १९९० सालची आवृत्ती. जॉर्डन मेकनर यांनी तो गेम ॲपल टूसाठी लिहिला होता आणि तो १९८९ साली आला, जेव्हा त्या संगणकाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे सुरुवातीला खप थोडकाच झाला. राजपुत्राच्या धावण्यात आणि उडीत जो खरेपणा आहे तो मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून, व्हिडिओ काढून, त्याची एकेक चौकट चित्रात उतरवल्यामुळे आला. ही सगळी चित्रे भरल्यावर मेमरीत शत्रूसाठी जागा उरली नाही. तेव्हा त्यांनी राजपुत्राचीच चित्रे थोडी सरकवून स्वतःवरच पुन्हा छापली, आणि त्यातून एक चमचमती छाया निर्माण झाली. आरशातून बाहेर पडणारी, वाट अडवणारी ती छाया म्हणजे ॲपल टूच्या अपुऱ्या मेमरीचे अपत्य आहे. संगणक प्रयोगशाळेतला आपला दुसरा लाडका गेम, ‘डेव्ह’, हाही जॉन रोमेरो यांनी १९८८ साली ॲपल टूसाठी लिहिलेला. त्याविषयी इथे एवढेच पुरे.

‘टेट्रिस’ मॉस्कोच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी इलेक्ट्रोनिका ६० या सोव्हिएत संगणकावर लिहिला. त्या संगणकाला चित्रे काढताच येत नव्हती. पडद्यावर फक्त अक्षरे उमटत, म्हणून पडणारे ठोकळे कंसाच्या चिन्हांनी जोडून काढलेले होते. चार चौकोनांची साधी आकृती एवढाच ऐवज असलेला गेम पुढे जगातल्या जवळपास प्रत्येक यंत्रावर चालला, याचे मूळ त्या साधेपणात आहे. साल कुठे १९८४ तर कुठे १९८५ सापडते, पण यंत्राविषयी मतभेद नाही. अशा ठिकाणी नोंदीत दोन्ही साले लिहावीत आणि प्रश्न यंत्राविषयी काढावा.

आपल्याकडच्या नेट कॅफेंनी डोक्यावर घेतलेला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ मात्र खरोखर विंडोजचाच आहे. २००० साली नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने तो केला. पायी चालणाऱ्या एका सैनिकाच्या गेममध्ये इतकी दूरवर पसरलेली डोंगराळ मैदाने कशी, या प्रश्नाचे उत्तर असे की त्याच कंपनीने आधी लढाऊ विमानाचा एक गेम केला होता आणि त्याचेच इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, येथे वापरले.

मोबाइल आणि मॉड

आजच्या मुलांची आठवण मोबाइलपासून सुरू होते, त्यामुळे आमच्या पिढीने टीव्ही गेमबाबत जी चूक केली तीच ती मोबाइलबाबत करतात. ‘पबजी’ मोबाइलवर २०१८ साली आला. संगणकावर तो २०१७ साली आला होता. ब्रेंडन ग्रीन यांनी ही कल्पना त्याआधी ‘आर्मा’ या संगणकावरच्या युद्धगेमच्या मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या फेरफारात, रुजवली होती. ‘काउंटर-स्ट्राइक’सुद्धा १९९९ साली ‘हाफ-लाइफ’चे मॉड म्हणून सुरू झाला. मॉडच्या बाबतीत ज्या गेमवर ते उभे आहे त्याचा प्लॅटफॉर्म तपासावा आणि नोंदीत मूळ गेमचे नावही द्यावे. ‘कँडी क्रश सागा’ २०१२ साली आधी फेसबुकवर आला आणि फोनवर नंतर. ‘अँग्री बर्ड्स’ डिसेंबर २००९ मध्ये आयफोनवर, ‘टेम्पल रन’ २०११ साली तसाच आयफोनवर. अँड्रॉइडवर हे दोन्ही मागाहून आले.

नोंद कशी लिहावी

वहीच्या पानावर यंत्रासाठी दोन रकाने ठेवावेत: एक गेम कोणत्या यंत्रासाठी करायला घेतला याचा, दुसरा तो कोणत्या यंत्रावर बाहेर आला याचा. बहुतेक गेमच्या बाबतीत दोन्हींत एकच नाव येते, परंतु ‘हेलो’सारखा एखादा गेम या रकान्यांची किंमत दाखवून देतो. जुलै १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी तो ॲपलच्या मॅक संगणकाच्या कार्यक्रमात मंचावर दाखवला होता. २००० साली मायक्रोसॉफ्टने तो करणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलबरोबर बाजारात आला. मॅकवर तो पोहोचला २००३ साली.

कोल्हापूरकरांसाठी फुटबॉलची नोंद मी मुद्दाम लांब लिहिली आहे. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना पाहून आलेली मुले संध्याकाळी ‘फिफा’ लावून बसतात आणि तो प्लेस्टेशनचाच गेम समजतात. माझ्या वहीत तो असा आहे: ‘फिफा. पहिला गेम फिफा इंटरनॅशनल सॉकर, डिसेंबर १९९३, सेगा मेगा ड्राइव्ह. मैदान वरून न दाखवता तिरके दाखवले, हे त्या वेळी वेगळे होते. फिफा २३ नंतर जागतिक संघटनेशी करार संपला. २०२३ पासून मालिका ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने चालू. नाव बदलले, मूळ तेच.’ नाव बदलल्यावर नवी मालिका धरावी का, यावर मुलांत बराच वाद झाला. माझ्या मते करणारे तेच आणि खेळ तोच असेल तर मालिका एकच धरावी, आणि बदललेल्या नावाची तारीख मात्र न चुकता लिहावी.

शेवटी प्रश्न काढताना त्यात साल, देश आणि नेमका गेम यांपैकी जे लागेल ते घालावे, म्हणजे उत्तर एकच उरते. ‘कॉन्ट्रा कशावर आला?’ असे न विचारता ‘कॉन्ट्रा मालिकेतला पहिला गेम १९८७ साली कोणत्या प्रकारच्या यंत्रावर आला?’ असे विचारावे. उत्तराच्या कागदावर उत्तराखाली ते कुठून घेतले हेही लिहावे, आणि एखाद्या मुलाने वेगळे उत्तर दिले तर गुण देण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी परीक्षकाने ती ओळ तपासावी. यंदाच्या कागदावर पहिला प्रश्न कॉन्ट्राचाच असून तो त्या नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलाने लिहिला आहे.